अंगणात पडलेला दगड

३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही विषय टाळता, म्हणून लिहितेय. तुम्ही फॉइलमध्ये बांधून पाठवलेला दगड खरंच आभाळातून पडलेला निघाला. सजीवांच्या घडणीला लागणारी अमिनो आम्लंही त्यात सापडली. जिवाचा कच्चा माल अशा दगडांतून पृथ्वीवर आला का, हेच तर आम्ही शोधतोय!

पण गोची झालीय. ही आम्लं हातमोज्यांसारखी डावी-उजवी असतात. आभाळातल्या दगडात दोन्ही साधारण सारखी हवीत. सजीवांत जवळजवळ सगळी डावीच. आपल्या दगडात डावी फार जास्त आहेत, म्हणजे कुणाचा तरी स्पर्श झालाय. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना वाटतं, मीच मास्क न लावता काम केलं. खरं सांगा, तुम्ही हात लावला होतात का?

आईला नमस्कार. उत्तराची वाट बघतेय.

तुमची,
भिंगरी

८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

चाळीस वर्षं दगड घडवले आणि आता पोटची पोर मला दगड कसा उचलायचा ते विचारते! तू बजावलंस तसे हातमोजे घातले, चिमट्याने उचलला, नव्या फॉइलमध्ये बांधला. हात लावला नाही म्हणजे नाही. तुझी आई साक्षीला आहे. ती मात्र हल्ली हा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जाते. तुझ्या बाईंना म्हणावं, आधी आपली माणसं तपासा.

जेवत जा वेळेवर.

तुझा,
बाबा

१२ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

वीस तारखेला बैठक आहे. मास्क लावायचा माझ्याकडूनच राहिला असेल, असं लिहून देणार आहे. दुसरं कुणी उरलंच नाही. दगड दुसऱ्या गटाकडे जाईल आणि माझी नोकरीची मुदतही वाढणार नाही. मला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झालाय. काल चारदा मास्क चाचपून पाहिला.

तुमच्यावर राग नाही. माया असू द्या.

भिंगरी

१५ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

दोनदा फोन उचलला आणि ठेवून दिला. हात लावला नाही हे खरंच आहे. मी तो चाटला.

ओला केल्याशिवाय दगडाचा पोत दिसत नाही. खाणीवर जवळ पाणी कुठलं? जीभच लावायचो. हातमोजे होते, चिमटा होता आणि जीभ आपसूक गेली. तुझ्या आईने पाहिलं. तिला मी गप्प बसवलं. तू एवढी शास्त्रज्ञ, आणि बापाने दगड चाटला हे कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

पण न केलेली चूक तू लिहून द्यावीस, हे मला सहन होत नाही. सोबत बाईंसाठी सही केलेला कागद आहे. हसतील तर हसोत. जमलं तर मला माफ कर.

बाबा

२१ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाईंनी तुमचा कागद बैठकीत मोठ्याने वाचला. कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या की इतकी सरळ नोंद त्यांच्याकडे शास्त्रज्ञसुद्धा देत नाहीत. दगड इथेच राहतोय, मीही.

सोबत नळी आणि कापूस आहे. तासभर काही न खाता कापूस जिभेवर फिरवा आणि नळी बंद करून लगेच पाठवा. नळीवर मी ‘बाबा’ लिहिलंय, ते पुसू नका. दगडातलं तुमचं काय आहे ते ओळखून वजा करायचंय. काही शिल्लक राहील की नाही, कुणालाच माहीत नाही.

रागावलेय मी, ते घरी येऊन सांगीन. लोभ आहेच.

तुम्हाला वजा करून जे उरेल, ते आभाळाचं.

तुमची,
भिंगरी