टोचण्याआधीचं रक्त

४ मार्च
सात नंबरचा ससा आज संपवला. भूल दिली, छातीवर बोटानं ठोका शोधला, सुई सरळ हृदयात, सगळं रक्त ओढून घेतलं! मागचे पाय एकदा झाडले, मग सुतासारखा सरळ. प्राणिगृहातले काका म्हणाले, "ताई, हात बसला तुमचा." शाबासकी की शिवी, कळलं नाही.

चार वर्षं याच्याच रक्तावर जगतेय. पेशीत जनुकाची नक्कल काढणारं एन्झाइम आहे. माझ्या गाईड सरांनी ते या सशाला टोचलं, मी यायच्या आधी. त्याला नेमकं धरणारी अँटीबॉडी फक्त याच्या रक्तात. पेशींच्या अर्काला हे रक्त लावलं की फिल्मवर एकच काळी पट्टी, ठसठशीत! माझा अख्खा प्रबंध त्या पट्टीवर उभा. पंचवीस तारखेला सादर करायचाय.

७ मार्च
शेजारच्या टेबलावरच्या शंकासुरानं आज सरांनाच विचारलं, "टोचण्याआधीचं रक्त काढून ठेवतात ना सर? ते कधी लावून पाहिलं? त्यातही पट्टी आली तर—"

वाक्य पुरं झालंच नाही. सरांनी लोखंडी स्टँड उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. दात तुटल्याचा आवाज ऐकला मी. तो खाली पडला, तर वरून लाथा. सात. मी मोजल्या, जागची हलले नाही.

आणि खरं लिहायचं तर — बरं वाटलं. माझ्या चार वर्षांवर उठतो मेला!

८ मार्च
जबडा दोन ठिकाणी मोडलाय. तारांनी बांधलाय म्हणे.

११ मार्च
चौकशी समिती. आत जाण्याआधी सर एवढंच म्हणाले, "पंचवीस तारीख लक्षात आहे ना?" मी सांगितलं — फरशी ओली होती, तो घसरला, टेबलाची कड लागली. सही ठोकली.

आईला फोनवर सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा तुला मारायचे ना, तेव्हा दारात येणाऱ्यांना मीही हेच सांगायचे. फरशी ओली होती."

कप भिंतीवर फोडला. मग दुसराही.

१५ मार्च
शंकासुराची बहीण त्याचं सामान न्यायला आली. "तुम्ही तिथेच होतात ना?" वाट सोडेना. ढकललं. कपाळ कपाटाच्या दारावर आपटलं तिचं. रडली नाही, सामान उचलून गेली. खरंच हात बसलाय माझा.

१९ मार्च
त्याची ती शंका डोक्यातून जाईना. काकांना विचारलं. "सात नंबरचं पहिलं रक्त? फ्रीजरमध्ये, खालचा खण. वहीत सही करा." उद्या लावतेच. पट्टी येणार नाही, आणि त्याचं तोंड कायमचं बंद! तसं बंदच आहे म्हणा, तारांनी.

२० मार्च
आली. तिथेच, तेवढीच काळी. न टोचलेल्या सशाच्या रक्तात! म्हणजे ते एन्झाइम आम्ही कधी धरलंच नव्हतं. चार वर्षं भलत्याच कशाला तरी धरून बसले होते मी. फिल्म टराटरा फाडावीशी वाटली. नाही फाडली.

उरलेलं रक्त परत ठेवायला गेले. वहीत माझ्या सहीच्या वर तीन सह्या. सरांच्या, एकाच आठवड्यातल्या. मी रुजू झाले त्याच्या आठ महिने आधीच्या. काका म्हणाले, "तिसऱ्या वेळी काळ्या पट्टीची फिल्म घेऊनच आले होते. ही नळी कुणाला द्यायची नाही, म्हणून माझी कॉलर धरली. तुम्ही विचारलंत, मी दिली. फार झालं."

२१ मार्च
समितीकडे परत गेले. फिल्म आणि काकांची वही टेबलावर ठेवली. म्हटलं, फरशी कोरडी होती.