हाताचं बीपी, मशीनचं बीपी

लोणी,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. वृषालीस आशीर्वाद.

इकडं तुझ्या आईचे गुडघे सोडले तर सगळं बरं आहे. कांद्याची लागण चालू आहे. बापाचं पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन तू उचलत नाहीस, आणि दवाखान्यात तू नुसती सिस्टर असतेस.

तर माझं भांडण असं. तुझी बदली इथं झाल्यापासून दर मंगळवारी तू माझ्या दंडाला पट्टा बांधतेस, फुगा दाबतेस, कानात नळ्या घालून ऐकतेस आणि म्हणतेस, "एकशे सत्तर. गोळी सुरू करा." गोळीला मी नाही म्हटलं, तर तुझ्या आईनं माझं लोणचंच बंद केलं. भाजी म्हणजे नुसतं कोमट पाणी. आणि परवा तुमच्या त्या नव्या डॉक्टरनं मला खोलीत एकट्याला कोंडलं. दंडाला मशीन लावलं, "आजोबा, बोलायचं नाही, हलायचं नाही," म्हणाला आणि दार ओढून गेला. मशीन आपलं आपणच फुगतंय, सुटतंय, पुन्हा फुगतंय. दंडाचा पार चोथा केला. आकडा आला एकशे तीस!

आता खरं कुठलं? नारायणगावच्या मार्केटात एकाच क्रेटचं वजन दोन काट्यांवर असं निघालं असतं, तर मी आडत्याची गचांडी धरली असती. इथं कुणाची धरू?

डॉक्टर हसला. सगळ्यांसमोर म्हणाला, "आजोबा, तुमचं बीपी सिस्टरांना बघूनच वाढतं. यापुढं तुम्ही मशीनवरच. सिस्टर लागणारच नाहीत."

पोरगं नवीन आहे, तू माझी लेक हे त्याला काय माहीत. पण बाकावर अख्खं लोणी बसलेलं. एरवी ज्यांच्या तोंडाला कुलूप नाही ती माणसं एकदम भिंतीवरची पोस्टरं वाचायला लागली. एकटा बाळासाहेब म्हणाला, "ऱ्हाऊ द्या डॉक्टर, म्हाताऱ्याचं हातानंच मोजत जावा." मी त्यालाच झापलं. तू मान वर केली नाहीस.

तू पीयूषशी लग्न केलंस त्यावर मी आज एक अक्षर लिहिणार नाही. लिहिलं की भांडण होईल. तुझ्या सासऱ्यांचं, सुभाषचंदांचं घर चांगलं आहे असं तुझी आई म्हणते. म्हणू दे.

पण मशीनवर मी बसणार नाही, स्पष्ट सांगतो. एकट्यानं त्या खोलीत बसायला कशाला यायचं? नुसतं बीपी बघायला मंचरला ढीगभर डॉक्टर आहेत. मी इथं येतो कारण तेवढा वेळ तू माझा हात धरतेस. झालं, लिहिलं एकदाचं.

आणि डॉक्टरचंही चुकतंच. तुला बघून नाही गं वाढत. बघून बरंच वाटतं. पण पट्टा बांधताना तू म्हणतेस, "बाबा, दंड सैल सोडा." लंकाबाईच्या नवऱ्याला बाबा, भीमाशंकरहून आलेल्या गोसाव्याला बाबा, आणि मलाही बाबा! बोलायला लागल्यापासून तू मला आण्णा म्हणायचीस. ते 'बाबा' कानावर पडलं की माझं डोकं ठणकायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच तू फुगा दाबतेस. मग एकशे सत्तर नाही तर काय येणार?

येत्या मंगळवारी हातानंच मोज. आधी एकदा आण्णा म्हण, मग मोज. येईल तो आकडा खरा धरू. त्यावर गोळी दिलीस तर गोळीही घेईन.

तुझा एकटीचा,
आण्णा