ट्रॉलीत गेलेला बल्ब

पृथ्या,

तुझी गाडी शिरोळातनं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आणली, पण पुढचा बल्ब ह्या येळंलाबी गेलाय. वायरिंग उसकटू नकोस. फ्यूज चांगला हाय, हॉर्न वाजतोय. बल्बातली तारच तुटलीया.

चूक आपलीच. आपण गाडीसुद्धा उसाच्या भाऱ्यागत करकचून आवळतो. पुढचं शॉकअप दबून बसतं आणि खड्ड्याचा सगळा दणका बल्बला लागतो. दोर जरा बेतानं बांधायचा, चाकाखाली पोतं घालायचं, आणि बल्ब आधीच काढून फडक्यात गुंडाळायचा.

मी त्याच ट्रॅक्टरनं परत शिरोळला निघालो. पुराचं पाणी गोठ्याला लागलंय आणि आबा म्हशीला सोडून हलंनात. तू येऊ नकोस. पाडव्याला तुमचं जे भांडण झालं, त्यापायी तुला बघितलं की ते मुद्दाम तिथंच बसतील. मी रडून, वरडून, कसंबी ट्रॉलीत घालतो. म्हशीलाबी.

दूध तापवून ठेवलंय. तुझ्या खोलीत आबांचं अंथरूण घाल. आणि ते आल्यावर तोंड चुकवून तालमीत झोपायला जाऊ नकोस. आक्काचं एकदा तरी ऐक की.

नवा बल्ब सकाळीच आणलावता. फळीवर हुडकू नकोस, माझ्यासंगट पिशवीत हाय. अंधार पडला की तू मागनं निघणार, मला ठावं हाय.

आबा ट्रॉलीतनं उतरले की बल्ब तूच बसव. त्यांना उजेडाला बॅटरी धराय सांग.

आक्का