अर्धा सिंह

किल्ल्याची चौकी, ता. अक्कलकोट
९ जानेवारी २०२४

ती. सौ. महानंदाअक्कास,
सिद्धप्पाचा नमस्कार. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. आई बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. तूर काढून झाली. कुर्डुवाडीत थंडी कशी आहे?

किल्ल्याचं काम जोरात आहे. कुणा सरदारानं बांधला, तोफांनी पडला, हा सगळा इतिहास पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी फलकावर लिहिलाय. उरलेला आपल्या गावानं घरी नेला, एवढं गाळलंय. आता दरवाजा पुन्हा उभा राहतोय. पहारेकरी म्हणून मीच घरोघर फिरून जुने दगड परत आणले, अकरा घरांतून. सगळ्यांनी कोरलेली बाजू लपवूनच बसवलेले.

शेजारच्या राजाबाईच्या भिंतीत सिंहाचं तोंड निघालं. "काडू नगंस रं, भिंत बसंल," म्हणाली. मी सरकारी कामाचा धाक घातला. पावसात भिंत बसलीच. म्हातारी ताडपत्रीमागं राहते. अजून मला चहा विचारते, तेच सोसत नाही.

कालपर्यंत हेच चाललेलं: साहेब रोज म्हणतात, "सिद्धप्पा, सिंहाचा मागचा भाग मिळाला की कमान बसवू." मी मान हलवतो. संध्याकाळी किल्ल्याला कुलूप लावतो आणि तोच दगड ओलांडून घरात शिरतो. आपल्याच उंबऱ्यात तो पालथा पडलाय, हे तुला सांगायला नको. सांगावं तर नोकरी जाईल, अकरा घरं दारात येऊन उभी राहतील. गप्प बसावं तर राजाबाईची ताडपत्री रोज समोर. किल्ल्यातही कोंडलो होतो, घरातही.

तू तेव्हाच म्हणालीस, "आदी आपला उंबरा काड की, मग लोकांच्या भिंतीला हात लाव." चारचौघांत बोललीस म्हणून भडकलो. "पुन्हा हा उंबरा ओलांडू नकोस," असं सख्ख्या बहिणीला बोललो. दीड वर्ष झालं. त्याची फार लाज वाटते, अक्का.

काल आईला सगळं सांगितलं. ती उंबऱ्याला हळद-कुंकू वाहत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला ठावं हाय. तुज्या आज्जानं बसवला तवा मीच खाली माती भरली. नवी सून व्हते, काय बोलणार? लई वर्सं झाली. काड आता."

आज साहेबांना सांगून आलो. त्यांनी वहीत लिहून घेतलं. राजाबाईलाही सांगितलं. तिनं चहा विचारला नाही. तिची भिंत मीच बांधून देणार आहे.

उद्या सकाळी पहार लावतोय. ज्या उंबऱ्यावरून तुला अडवलं, तो आता घराला नसेल. संक्रांतीला ये.

उघड्या दारात वाट बघणारा,
तुझा सिद्धू