समुद्राची ओटी

तेव्हा मला का मारलंस ते सांग आधी. समुद्राचं मंग बोलू. हां, पाहिला मी समुद्र, काठावरून न्हाई, मधात जाऊन पाहिला, जहाजात बसून. आणि तू आता विचारशील, "आन् संग कोन व्हतं?" तर ते विचारायचं या जहाजावर कोणी बाकी ठेवलेलं न्हाई. एकट्याच? मिस्टर नाही आले? मैत्रीण तरी? सगळ्यायला एकच उत्तर दिलं मी, एकटीच. पण तू विषय बदलू नको माय. नदीवर बोलली ती मोठीमाय, आणि चापट बसली मला. भर बायांत. का?

मी सातवीत असंन. आबा वारून, घरात आपण मायलेकीच उरून बरेच दिवस झाल्ते आणि तू बियाण्याच्या प्लॉटवर कपाशीच्या क्रॉसिंगला जायचीस. दुपारून कळ्या सोलायच्या, आतले नराचे केसर नखानं काढून टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून हलक्या हातानं त्या सोललेल्या कळीवर घासायचं, की झालं लग्न, धरलं बोंड. तुझ्या आंगठ्याचं नख कायम हिरवट राहायचं, राखेनं घासलं तरी जायचं न्हाई. बायायची टोळी होती आणि टोळीची मुकादम मोठीमाय, आबाची थोरली भावजय. उद्या कामाला कोणी यायचं आणि कोणी न्हाई हे तिच्या तोंडात. त्या साली पोळ्याच्या आसपास पूर्णा भरून चालली आणि टोळीनं ठरवलं की केदारखेड्याला जाऊन नदीची ओटी भरायची. बाई माहेरी आली की भरतो तशी आपल्याकडं पाणी आल्यावर नदीचीबी भरतातच. तू बाजारातून खण आणला, हिरवा, लाल काठाचा. दुकानदाराला एवढे खण काढायला लावले की तो म्हणला, बाई, लग्न हाये का घरी? तू म्हणलीस, हां, रोजच असतंय.

टेम्पोत उभं राहून आपण गेल्तो. बाया एकेक करून गुडघाभर पाण्यात उतरून राह्यल्या, गहू, हळकुंड, नारळ, खण, कुकू, हात जोडले की बाहेर. तुझी पाळी आली. तू लुगडं वर खोचलं. आणि मोठीमाय म्हणली, वरडून न्हाई, शेजारणीला मीठ मागावं तशा आवाजात, "तू नगं गं. तू मागं थांब. हे सवाशिनीचं काम हाये." बाकीच्या बाया एकदम पाण्याकडं पाहायला लागल्या, जसं काय पाण्यात काही पडलंय. तू तिथंच उभी, एक पाय पाण्यात, एक गाळात. मी काठावरून वरडले, "का? माझ्या मायच्या हाताला काय काटे आलेत का?" तू पाण्यातून पाय काढला, सरळ माझ्याकडं आलीस आणि दिली एक कानाखाली. "मोठ्यायला उलटं बोलायलीस? माफी माग." मी मागितली. मोठीमाय म्हणली, राहू दे, लेकरू हाये. टेम्पोत परत येताना तुझ्या मांडीवर खण होता आणि तू त्याची घडी घालत होतीस, मोडत होतीस, परत घालत होतीस.

संध्याकाळी तू चुलीपुढं भाकरी थापून राह्यली होतीस आणि मी दाराशी तोंड फिरवून बसले होते. जेवणार न्हाई म्हणलं होतं. तू भाकर तव्यावर टाकलीस, आणि मंग एकदम हसायला लागलीस. "दिसभर या हातानं फुलायची लग्नं लावते मी. बिघडलं का कुन्या फुलाचं? सगळ्यायला बोंडं धरत्यात. आन् नदीची ओटी बिघडती म्हनं माझ्या हातानं!" एवढी हसलीस की परातीतलं पीठ उडालं. मी हसले न्हाई. मंग तू म्हणलीस, "जाऊ दे. आपन समुद्राची भरू."

"समुद्राची?"

"मंग! समद्या नद्या तिकडंच पळत्यात ना? समद्यायचं माहेर हाये ते. थोरली माय. तिची एकदा भरली की समद्यायची भरली, एकबी राह्यली न्हाई."

मला पुस्तकातलं आठवत होतं. मी म्हणले, "माहेर कुठलं? नद्या सासरी जातात, समुद्र नवरा असतो त्यायचा."

तू माझ्याकडं असं पाहिलंस जसं मी भाकरीत मीठ टाक म्हणले. "सासरी कोन एवढं पळत जातं गं?"

"पन काठावर न्हाई भरायची," तू म्हणलीस, "काठावर बाया असत्यात. मधात जायाचं. तिथं कोन वळखतंय आपल्याला." मी विचारलं, कधी? तू म्हणलीस, तू कमवती झाली की. आणि तो खण शेवटची घडी घालून पेटीत तळाला ठेवलास, कडुलिंबाच्या पाल्यात. मी जेवले. चापटीचं मात्र तू काही बोलली न्हाईस, मी पण न्हाई.

तुझं माहेर पिंपळगाव रेणुकाई. जवळचं तर होतं. तुझे माय-बाप गेल्यावर मामा तुला बोलवायचाच थांबला. बाजाराच्या दिवशी स्टँडवर तिकडची एसटी लागायची आणि तू उगंच तिच्याजवळ जाऊन उभी राहायचीस, आतल्या बायायला विचारायचीस, तिकडं पाणी झालं का, देवीला गर्दी आहे का. कंडक्टर म्हणायचा, चढा मावशी. तू म्हणायचीस, न्हाई, पुढच्यानं येते. मला वाटायचं आपण एसटीची वाट पाहून राह्यलो. आपण ती जायची वाट पाहत होतो.

मी कमवती व्हायच्या आतच तू गेलीस. मी जालन्याला कॉलेजात होते, दुसऱ्या वर्षाला, आणि तू ताप अंगावर काढून क्रॉसिंगला जात राह्यलीस, हंगाम सरतोय म्हणून. मी आले तर तुला अंगणात ठेवलेलं होतं. मोठीमायनंच तुला न्हाऊ घातलं, केसं विंचरले, रडली पण लई. ओटी काही भरली न्हाई. विधवेची भरत न्हाईत, मला माहीत होतं. मी पेटी उघडली, खण काढला, तिथं घेऊन उभी पण राह्यले. मंग परत बॅगेत ठेवला. तेव्हा मी काहीच वरडले न्हाई माय. मला वरडल्यावर मारणारं कोणी राह्यलं नव्हतं.

त्याच्यानंतर पुणं, नोकरी, खोल्या बदलणं, लिहिणं. दर खोलीत खण कपड्यायच्या तळाला. माझ्या लिखाणाला लोक म्हणतात, याला सुरुवात न्हाई, शेवट न्हाई, मधातूनच सुरू होतं. मी म्हणते, हां, मधातच जायचंय.

आणि मंग काढलं हे तिकीट. मुंबईहून गोव्याला आणि परत. फोनवरची पोरगी म्हणली, मॅडम, एकट्या असलात तरी खोलीचं भाडं दोघांचंच लागतं. मी भांडायला पाहिजे होतं. मी म्हणले, बरोबर आहे, लावा. एवढ्या सहज तुझं तिकीट निघालं.

मी सगळं बांधून आणल्तं. गहू, हळकुंड, नारळ. चढताना मशीनमधून बॅग गेली आणि गार्डनं नारळ बाहेर काढला. "मॅडम, हे नाही चालणार. खाण्याचं आत नेता येत नाही." मी म्हणले, खायचा न्हाई, ओटीचा आहे. "कोणाच्या?" समुद्राच्या. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा नारळाकडं, आणि मागच्या लायनीकडं पाहून म्हणला, "ताई, समुद्रात काही टाकायला बंदी आहे. दंड बसतो." गहू पण ठेवून घेतले. हळकुंड हुंगून पाहिलं आणि तेही. खण तेवढा कापड म्हणून सुटला.

खोलीला खिडकी न्हाई. पलंग मोठा, दोन उशा, दोन टॉवेल, दोन कप. कपाटात दोन लाईफ जॅकेट. चढल्या चढल्या भोंगा वाजवतात आणि जॅकेट कसं घालायचं ते शिकवतात. सगळे हसून फोटो काढून राह्यले होते. मी माझं घातलं, आणि दुसरं तसंच कपाटात लोंबताना पाहिलं आणि मला तिथं उभंच राहवंना. डेकवर गेले तर समुद्र. तुला काय सांगू कसा होता? आपल्या रानासारखा होता. सगळं पेरून उगवायच्या आधी दिसतं ना, तसा. रिकामा न्हाई, पण दिसत काहीच न्हाई.

जेवायला मला एका टेबलाला बसवलं, तिथं एक म्हातारी होती, उरणकडची कोळीण, गळाभर सोनं आणि कपाळ मोकळं. पोरगा-सून बुफेच्या लायनीत. ती मला म्हणली, "माझा जन्म गेला होडीत, आणि पोरगा बोलतो, चल आई, तुला समुद्र दाखवतो." मी एवढी हसले की ती खूश झाली. मंग विचारलंच, "एकटीच काय गो?" आणि माय, सगळ्यायला एका शब्दात सांगितलेलं मी तिला पूर्ण सांगितलं. खण, नदी, मोठीमाय, सगळं. ती ऐकत राह्यली, आणि मंग तोंडाला पदर लावून म्हणली, "अगो बाय माझे! समुद्राची ओटी? तो बाप्या हाय! त्याला पुनवेला नारळ देतो आम्ही. ओटी नदीची. नद्या त्याच्याकडं सासरी येतात."

मला आधी तुझंच तोंड दिसलं. तू असतीस तर टेबलावर हात आपटून म्हणली असतीस, आत्ता गं बया, जन्मभर बायायनी अडवलं, आन् इथवर आले तर हा बाप्या निघाला! मी हसायला लागले आणि ते हसणं कुठं रडण्यात गेलं मला कळलं न्हाई. सून येऊन विचारून राह्यली, काय झालं, काय झालं. मी कशीबशी म्हणले, "मावशी, माझी माय म्हणायची, सासरी कोन एवढं पळत जातं?"

म्हातारी गोल खिडकीतून पाण्याकडं पाहत बसली. मंग म्हणली, "बरोबर बोलली ती. मी पण नाय गेले पळत." उठली आणि माझा हात धरला. "चल. आज बाई तर बाई. माझा म्हातारा जाऊन वर्षं झाली, तरी नारळ मीच देते, बघू कोण अडवतो."

ऊन उतरलं होतं. मागच्या डेकवर एक गार्ड होता. ती त्याच्यापाशी गेली, मोबाईल त्याच्या हातात दिला आणि म्हणली, "बाला, माझा फोटो काढ, पण दागिने सगळे आले पाहिजेत." तो वाकून वाकून काढत बसला. मी कठड्यापाशी. हातात खण. खाली पाणी एवढं खोल, एवढं पसरलेलं, आणि माय, कोणीच मला म्हणलं न्हाई, तू मागं थांब. कोणीच न्हाई. तू म्हणलीस तसंच होतं सगळं. मधात होते मी, ओळखीचं कोणी नव्हतं.

माझा हात उघडला न्हाई.

घडीच्या कोपऱ्यावर, लाल काठावर एक हिरवट ठसा आहे, बोटायेवढा. तुझ्या नखाचा. मला आधी कधी दिसला नव्हता, उन्हात धरल्यावर दिसला. म्हातारी फोटो आटपून आली, माझ्या हाताकडं पाहिलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवून आपल्या सुनेकडं गेली.

आत्ता मुंबई दिसून राह्यली आहे. भोंग्यावरून सांगतायत, खोल्या मोकळ्या करा. इथल्या टेबलावरच्या कागदावर हे लिहिलं. म्हणलं, जाताना खणाच्या घडीत ठेवावं, तिथून तुला मिळालं तर मिळालं. पण त्याच्यासाठी घडी मोडावी लागंल. तू घातलेली ती शेवटची घडी. मी इतक्या खोल्या बदलल्या, ती एकदाबी उघडली न्हाई, आणि आजबी उघडणार न्हाई. म्हणून हे कागद इथंच टेबलाच्या खणात राहतील.

आणि त्या चापटीचं. मला तेव्हाच कळल्तं माय, टेम्पोतच कळल्तं. दुसऱ्या दिवशी तुला त्याच बायायसोबत, तिच्याच हाताखाली प्लॉटवर जायचं होतं, आणि मला शाळेत. मला उत्तर नकोय. एवढं एकच भांडण आपलं अजून चालू आहे, आणि मला ते मिटवायचं न्हाई. ओटी भरायला आले असं गार्डला सांगितलं मी, म्हातारीला सांगितलं, तुला पण. ते खरं नव्हतं, मला तुझ्यासंग भांडत बसायचं होतं.

दार वाजून राह्यलंय, झाडायला आले असतील. खण घेतला. तू काही म्हणायच्या आत मी निघाले.