उंबरठ्यावरची साखर

ती. सौ. आत्याच्या चरणी भाच्याचा नमस्कार. आतोबांनाही नमस्कार सांग. (त्यांचे गुडघे दुखतात हे लक्षात घेऊन मी तो लांबूनच करतो आहे.) तुझी तब्येत कशी आहे? झोप लागते का? इकडे सगळे खुशाल आहेत असं पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पण आपण खुशाल आहोत की नाही हेच हल्ली मला धड ठरवता येत नाही. फोन केला असता, पण फोनवर तू नुसती ‘हं’ म्हणतेस आणि ते ‘हं’ कौतुकाचं की कानउघाडणीचं, हे मला फोन ठेवल्यावरही उलगडत नाही. तेव्हा म्हटलं सगळं सुरुवातीपासून लिहावं, म्हणजे निदान आपल्याला तरी कळेल काय झालं ते.

तर गोष्ट कोल्ड्रिंकची आहे. मी लोकांना गाडी शिकवतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या शेजारी जीव मुठीत धरून बसतो. जीव धरायला एक मूठ पुरते. दुसऱ्या हातात काहीतरी थंड असावं, असं मला धंद्यात पडल्यापासून वाटत आलं आहे. सकाळी काळं, दुपारी नारिंगी, संध्याकाळी जे गार असेल ते. याला कोणी व्यसन म्हणत नाही, कारण पिऊन माणूस झोकांड्या खात नाही, उलट ढेकर देऊन ताजातवाना होतो. पण मध्यंतरी मला भलतीच तहान लागायला लागली (ती भागवायला मी आणखी एक बाटली घ्यायचो, म्हणजे अजून लागायची), तेव्हा हिने मला दंडाला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई निघाल्या माझ्याच जुन्या विद्यार्थिनी. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या, तुमची साखर उंबरठ्यावर आहे. मी विचारलं, आत येतेय की बाहेर चाललीय? त्या म्हणाल्या, ते तुमच्यावर आहे. मग त्यांनी दिवसाला किती बाटल्या होतात ते विचारलं. मी म्हणालो, असेल एखादी. त्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, “सर, मी तुमच्याच गाडीत शिकलेय. ब्रेकखाली बाटली घरंगळत आली होती ना, तेव्हा गाडी मीच चालवत होते.” यावर मला काही सुचलं नाही. हिला मात्र बरंच सुचलं, पण ते तिने घरी येईपर्यंत राखून ठेवलं.

खरा घोळ इथून पुढे. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, हळूहळू कमी करा, रोज थोडं पाणी मिसळत जा. हिचं म्हणणं, तोडायचं तर एका घावात तोडा. औषधाच्या दुकानदाराचं म्हणणं, सोडताय कशाला, बिनसाखरेचं मिळतं ते घ्या. तिघंही माझ्या भल्याचंच बोलत होते, त्यामुळे कोणाचंच मन मोडवेना. शेवटी मी बिनसाखरेचं कोल्ड्रिंक आणून त्यात पाणी मिसळलं आणि ते हिच्यादेखत मोरीत ओतलं. ही म्हणाली, तुम्ही नक्की काय करताय? मग तिने फ्रिजमधल्या उरलेल्या सगळ्या बाटल्या त्याच मोरीत रिकाम्या केल्या. आत्या, ती मोरी तुंबलेली होती. नळदुरुस्तीवाला दोनदा येऊन हात टेकून गेला होता. त्या बाटल्या ओतल्यावर आतून मोठा आवाज आला आणि सगळं पाणी सरसरत निघून गेलं. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. मग ही मोरीकडून नजर उचलून माझ्या पोटाकडे बघायला लागली. (बोलली असती तर बरं वाटलं असतं.)

कोल्ड्रिंक सुटल्यावर पहिले दोन-तीन दिवस बरे गेले. मी स्वतःवर खूश होतो. नंतर डोकं ठणकायला लागलं आणि शब्द जागेवर सापडेनात. क्लच म्हणायचं तिथे मी ‘झाकण’ म्हणायला लागलो. एका नवख्या विद्यार्थ्याला ऐन वळणावर म्हणालो, “झाकण दाबा, झाकण!” त्याने बिचाऱ्याने वायपर, हॉर्न, काचा, जे हाताला लागेल ते दाबलं. दुसऱ्या दिवशी त्याने निरोप पाठवला की मला गाडी शिकायची घाई नाही. रात्री जेवताना मी हिच्याकडे मीठ मागितलं आणि तिने दिल्यावर विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, डॉक्टरांना फोन करू का? मी म्हणालो, कशासाठी? आणि खरंच आत्या, कशासाठी ते मला आठवत नव्हतं.

आता बाईंचं सांगतो. बाई म्हणजे मोठ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. वय झालेलं, पाठ ताठ, आवाज असा की रस्त्यातली मांजरंसुद्धा रांगेत उभी राहावीत. त्यांच्या यजमानांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. डोळ्यांचे उपचार शहराच्या पार दुसऱ्या टोकाला चालतात आणि घरात तिसरं माणूस नाही. गाडी आहे, पण ती आजवर यजमानांनीच चालवली. म्हणून बाई या वयात शिकायला आल्या. हात चांगला, नजर चांगली, नियम तर माझ्यापेक्षा जास्त पाठ. तरी परीक्षेत दोनदा नापास. दोन्ही वेळा परीक्षकाने एकच शेरा मारला, की मध्येच काही कारण नसताना गाडी थांबवतात. मी त्यांना सांगायचो, बाई, तुम्ही घाबरता. त्या म्हणायच्या, मी घाबरत नाही. मी म्हणायचो, आतून घाबरत असाल.

कोल्ड्रिंक सुटल्यानंतरच्या आठवड्यात बाईंचा तास होता. आम्ही नेहमीसारखे निघालो. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी बाईंनी इंडिकेटर दिला, गाडी अगदी सुबक कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, थांबलात का? त्या म्हणाल्या, आपण इथे थांबतो. मी म्हणालो, पुढे चला. पुढे पेट्रोलपंपाच्या चढावर त्या पुन्हा थांबल्या. चढावर गाडी थांबवून परत काढायचा सराव मी तिथे घेतो. का घेतो? मी बाहेर पाहिलं. पंपाच्या भिंतीला बाटल्यांचं मशीन होतं. नाट्यगृहापाशी यू-टर्न, तिथे टपरी. रिव्हर्सचा सराव बस डेपोच्या मागे, तिथे कँटीन. आत्या, इतकी वर्षं मला वाटत होतं की मी लोकांना गाडी शिकवतो. मी तर त्यांना एका फ्रिजकडून दुसऱ्या फ्रिजकडे जायला शिकवत होतो! आणि परीक्षेचा रस्ता त्याच कोपऱ्यावरच्या दुकानावरून जातो. बाई तिथे थांबत होत्या, कारण त्यांना मी तसंच शिकवलं होतं.

हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं ते कळेना, म्हणून मी म्हणालो, आज आपण नव्या रस्त्याने जाऊ. “कुठल्या?” बाईंनी विचारलं. मला कुठलाच येत नव्हता. जिथे प्यायला काही मिळत नाही असे रस्ते मी कधी पाहिलेच नव्हते. मी डावीकडे म्हणायचो आणि हात उजवीकडे जायचा. बाई मोठ्या न्यायाने एकदा तोंडाचं ऐकायच्या, एकदा हाताचं. असं करत आम्ही कुठल्याशा गोदामांच्या वस्तीत शिरलो. दोन्हीकडे उंच भिंती, समोर बंद लोखंडी फाटक, मागे एक मालाचा ट्रक येऊन उभा. त्यात मला दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. मी काहीतरी बोलत होतो, बहुतेक झाकणाबद्दलच. बाईंनी इंजिन बंद केलं. वर्गात गडबड करणाऱ्याकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आता तुम्ही काही बोलायचं नाही. मी विचारेन तेव्हाच बोलायचं. पोटात काही आहे का?”

मी मान हलवली. (नाही अशी. त्यांना ती ‘हो’ वाटली असावी, कारण खायला काही मिळालं नाही.) मग त्या उतरल्या, ट्रकवाल्याशी काहीतरी बोलल्या, आणि तो ट्रक, आत्या, खरंच सांगतो, मुकाट्याने मागे गेला. त्या भिंतींमधून त्यांनी गाडी उलटी बाहेर काढली ती कुठेही न घासता. मी माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून बसलो होतो तर म्हणाल्या, “पाय काढा.” मी काढला. रस्त्यातल्या एकाला विचारत, पाट्या वाचत, एका मोठ्या पुलावरून, जिथे मी कोणाला कधी नेलं नव्हतं, त्यांनी मला थेट आपल्या घरी आणलं.

यजमानांनी भिंत चाचपत दार उघडलं. बाईंनी मला खुर्चीत बसवलं, भाकरीचा तुकडा आणि पाणी दिलं. यजमान म्हणाले, बरोबर कोण आलंय? बाई म्हणाल्या, “शिकवणारे आलेत. त्यांना बरं वाटत नव्हतं.” “मग गाडी कोणी चालवली?” “मी.” “कुठून?” बाईंनी पुलाचं नाव सांगितलं. ते चाचपत माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, “त्या पुलावर वारा फार लागतो. स्टिअरिंग घट्ट धरावं लागतं.” बाई म्हणाल्या, “धरलं होतं.” आणि आत जाऊन भांडी उगाचच खडखड वाजवायला लागल्या. मी भाकरी खात बसलो. माझेही डोळे भरून आले, पण ते अंधारीमुळे असेल.

परीक्षेच्या दिवशी, जिथून परीक्षा सुरू होते तिथेच मी उभा राहून हात चोळत होतो. कोपऱ्यावरच्या दुकानाचं बाईंना सगळं सांगून टाकलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि “असं होय,” एवढंच म्हणाल्या. (त्या दोन शब्दांनी मी आठवीत गेल्यासारखा झालो.) त्या परत आल्या तेव्हा परीक्षक आधी उतरला, खिशातून रुमाल काढून कपाळ पुसत माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, “बाई पास आहेत. पण मला बोलू दिलं नाही हो त्यांनी.” आता दर आठवड्याला त्या यजमानांना घेऊन जातात. परवा माझ्या गाडीशेजारून गेल्या. यजमान शेजारी बसून काहीतरी सूचना देत होते, आणि त्यांचं मात्र त्या ऐकत होत्या.

माझं म्हणशील तर अजून सुटलेलंच आहे. डोकं ताळ्यावर येतंय, क्लचला क्लच म्हणतो. फक्त एक झालं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला वाटलं मी अंथरुणाला खिळलो. माणूस बिचारा चांगला. रविवारी चौकशीला घरी आला. आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मोठी गार बाटली घेऊन आला. ही दारात. तिला हसावं की दार लावावं ते कळेना. शेवटी पाहुणा म्हणून तिने तीन ग्लास मांडले आणि ओतलं. दुकानदार म्हणाला, मला नको, माझ्या घशात जळजळतं, मी आयुष्यात कधी प्यायलो नाही. मी म्हणालो, मलाही नको. मग ती ग्लासांकडे बघत राहिली, आणि वाया कशाला घालवायचं म्हणून तिन्ही तिनेच संपवले. वर म्हणाली, यात एवढं काय आहे? पण काल बाजारातून येताना तिची पिशवी मी उचलायला गेलो तर तिने चटकन मागे घेतली. आमच्या घरात आता काय चाललंय ते मला कळेनासं झालंय.

असो. पत्र फार लांबलं. प्रकृतीला जप. वहिनींना आणि दादाला नमस्कार, मुलांच्या पाठीवरून हात फिरव.

तुझा भाचा

ता. क. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला होता. खोली झाडताना त्यांना तुमच्या पलंगाखाली कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या, जुन्या चादरीत गुंडाळलेल्या. तुला गोड बंद आहे, म्हणून त्या घाबरल्या आहेत. “भावोजी, आई माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील, जरा कडक शब्दांत लिहा,” म्हणाल्या. मी बसलो लिहायला, पण तुला कडक कसं लिहायचं ते मला येत नाही. ‘आत्या, हे बरं नाही’ एवढं लिहायचो आणि फाडायचो. मग म्हटलं, आपलंच सांगावं. रागावू नकोस. एकटीने सुटत नसेल तर इकडे ये. डोकं ठणकताना चिडायला कोणीतरी आपलं जवळ असलं की बरं जातं. भाकरीचा तुकडा मी देईन.

आणखी ता. क. पाकीट चिकटवताना ध्यानात आलं की बाटल्या पलंगाच्या कुठल्या बाजूला होत्या, हे मी वहिनींना विचारलंच नाही. भिंतीकडची बाजू तुझी, हे मला माहीत आहे. दाराकडे सापडल्या असतील तर हे पत्र आतोबांचं. मजकूर तोच, फक्त ‘आत्या’ असेल तिथे त्यांनी ‘आतोबा’ वाचावं. आणि दोन्हीकडे सापडल्या असतील, तर तुझं वाचून झालं की पत्र पलंगाखाली ठेव. त्यांना ते तिथे बरोबर मिळेल.