शाळेला सोडलेला टोणगा

आप्पा,

तू गेलास त्याला किती पावसाळे झाले, मला आता आठवत नाही. तुझ्याशी मनातलं असं कधी बोललोच नाही, तू होतास तेव्हाही नाही. आज पाटीवरची अक्षरं आठवून आठवून लिहायला बसलो, कारण काल दुपारी माझ्या तोंडून तू बोललास.

खालच्या गावचे मास्तर वाडीवर चढून आले होते. बेळगावात आपल्यासारख्या रानातल्या गवळ्यांच्या पोरांसाठी बोर्डिंग निघालंय. राहणं, जेवण, शाळा, सगळं तिथंच. आपल्या वाडीतलं एकच पोर घेणार. मास्तर म्हणाले, "जानूबा, तुमचे दोन नातू हायेत. कुणाचं नाव लिहू?"

मी क्षणभरही थांबलो नाही. म्हटलं, "बाबूचं लिवा."

बाबू थोरला, दमेकरी. थोडा चढ चढला की ओठ निळे पडतात. धाकटा नवलू म्हशींमागे दिवसभर हिंडतो. मास्तरांनी मागल्या खेपेला एकदाच म्हटलेली कविता त्याने काल त्यांना अख्खी म्हणून दाखवली. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले, मग मला म्हणाले, "बाबूच का?"

"रानात त्येचा काय उपयोग न्हाय."

ऐकलंस? हे तुझे शब्द, आप्पा. जसेच्या तसे!

बिरू शेजारी दावं वळत बसला होता. तुझा धाकटा लेक. आता त्याचेही दात पडलेत, जीभ मात्र तशीच आहे. तो हसला. "लिवा मास्तर, लिवा. आमच्यात रीतच हाय तशी. पारडी घरात, टोणगा देवीला." आणि दावं तिथंच टाकून उठून गेला.

म्हशीला पारडी झाली की तू तिला लेकीसारखी जपायचास. ती पुढं दूध देणार. टोणगा झाला तर त्याचं काय? जत्रा आली की देवीला सोडला. जनावरांत हे चालतं, त्याला कोणी नावं ठेवत नाही. पण पोटच्या पोरांनाही तोच न्याय?

माझा डावा पाय आखूड. बिरू लहान असूनही चपळ, शीळ घालून सगळा कळप ओढ्यावरून परत फिरवायचा. आई तुला म्हणाली होती, "बिरूला धाडा की शाळंत. त्येला लई गोडी हाय." तू म्हणालास, "बिरू गेला तर म्हशी तू राखतीस व्हय? रानात जानूचा काय उपयोग न्हाय. जे चालत न्हाय ते बसूदे शाळंत." मी दाराआड उभा होतो. तुला ते माहीत होतं का?

आणि शाळा कुठं? दोन कोस खाली! लंगड्या पोराला रोज डोंगर उतरायचा आणि चढायचा! त्यापेक्षा म्हशींमागे चाललो असतो तर पाय कमी दुखले असते. हे तुझ्या कसं ध्यानात आलं नाही, आप्पा?

शाळेत मी दाराशी बसायचो. पोरं नाक धरून ओरडायची, "आला रं गोठा!" संध्याकाळी घरी आलो की बिरू वाटच बघत असायचा. "आण्णा, आज काय सांगितलं?" मी चुलीपुढच्या राखेत अक्षर काढायचो. तो एकदा बघायचा, की झालं. मला उद्या पुन्हा गिरवावं लागायचं. तू तिथंच बसलेला असायचास. तुला दिसत नव्हतं, की दिसून दिसत नव्हतं?

तिसरीचं पुस्तक मी कसंबसं संपवलं. तेव्हाचे मास्तर तुला म्हणाले, "पुढल्या वर्षी मोडी चालू होईल. आता काढू नका." सरकारी कागद तेव्हा मोडीतच असायचे. तू लोण्याचं मडकं त्यांच्या ओट्यावर ठेवलंस आणि म्हणालास, "लई झालं, मास्तर. जास्ती शिकलेलं पोर डोंगर चढून परत येत न्हाय."

मी तुला नको होतो, आणि मी गेलेलंही तुला नको होतं. मग मी करायचं तरी काय होतं?

आता जे कोणाला सांगितलं नाही ते सांगतो. ते ऐकून तुला वाईट वाटणार असेल तर वाटू दे.

वरच्या रानाचा कागद घेऊन जंगलखात्याचा गार्ड आला तो दिवस आठवतो? सगळी वाडी आपल्या अंगणात जमली होती. गार्ड बिचारा सरळ माणूस, त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. म्हणाला, "अंगठे द्यायच्या आधी कोणाकडून तरी वाचून घ्या." तू छाती पुढं काढून म्हणालास, "आमचा जानू शिकलेला हाय. वाच रं."

कागद मोडीत होता, आप्पा. मला त्यातलं एक अक्षर लागलं नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. जन्मात पहिल्यांदा तू माझ्याकडे बघत होतास. मी कागदावरून बोट फिरवलं आणि म्हणालो, "चराईचा पास हाय. दर सालासारखाच." तू माझ्या पाठीवर हात ठेवलास. म्हणालास, "माझा टोणगा कामाला आला."

सगळ्यांनी अंगठे दिले. बिरूनेही दिला.

पुढल्या उन्हाळ्यात गार्डने म्हशी ओढ्याशीच अडवल्या. वरचं रान राखीव झालं होतं. गार्डने मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, त्या कागदात लिहिलं होतं, हरकत असेल तर महिन्याच्या आत कळवा. कळवणार कोण? खालच्या रानातलं गवत म्हशींना मानवलं नाही. दूध आटलं. निम्मी वाडी गोव्याकडे उतरून गेली ती परत आली नाही. तू मरेपर्यंत म्हणत राहिलास, "सरकारानं शब्द फिरवला." मी तुला म्हणू दिलं. बिरू अजूनही तेच म्हणतो.

बिरूला शाळेत धाडलं असतंस तर? त्याने तो कागद वाचला असता. निदान, येत नाही म्हणून सांगायची लाज त्याला वाटली नसती. मला ती लाज कोणी लावली? तू, की अंगणात जमलेल्या वाडीने? तुझ्यावर राग काढायला बसलो आणि लिहिता लिहिता माझ्यावरच येतोय. तरी तुझ्यावरचा कमी होत नाही.

मास्तर शनिवारी कागद घेऊन बेळगावला जाणार. तोवर नाव बदलता येईल. पण मग बाबूचं काय? 'तू या कामाचाही नाहीस' असं त्याला वाटलं तर? माझा लेक तर कालच म्हणाला, "नवलू गेला तर म्हशी कोण राखणार?" त्याचं तरी काय चुकलं? घोर लागून राहिलाय.

तरी शब्द देतो. उद्या आधी बिरूकडे जाईन आणि त्या कागदाचं खरं सांगेन. आधी तेच, कारण ते मागं ठेवलं तर मी पुन्हा टाळेन. तो शिव्या देईल, देऊ दे. मग खाली उतरून मास्तरांना नवलूचं नाव लिहायला सांगेन. बाबूला जवळ बसवून विचारेन, "तुला काय पाहिजे रं?" तू मला हे कधीच विचारलं नाहीस. म्हशी मी राखीन, खुरडत का होईना.

आणि नवलू निघेल तेव्हा, परत येणार का, हे मी त्याला विचारणार नाही.

तुझा थोरला,
जानू